आंबट न होणारं दही

ती घटना आठवायला मला आजही कागदपत्रं चाळावी लागत नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, अपहरणं पाहिली. पण चोरीला गेलेली वस्तू डोळ्यांना दिसतच नाही, आणि जिथून ती गेली तिथे काहीच कमी झालेलं नाही, असा गुन्हा मी एकदाच तपासला. त्यात एका बाईचा जीव गेला. नावं कुणाचीच घेणार नाही. शिक्षा भोगलेली माणसं आहेत, त्यांना आपलं पुढचं आयुष्य आहे.

मी तेव्हा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. तिथल्या ठाण्याचं घड्याळ कंपन्यांच्या शिफ्टवर चालतं. शिफ्ट सुटली की रस्त्यावर अपघात, पगार झाला की मारामाऱ्या, आणि वर्षभर भंगाराच्या टोळ्या. एका उन्हाळ्यात, सकाळची हजेरी घेत असताना ठाणे अंमलदार आत आला. म्हणाला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कामगारांनी कँटीनच्या ठेकेदाराला कोंडून ठेवलंय.

आम्ही पोचलो तेव्हा ठेकेदार भांड्यांच्या खोलीत घामाघूम बसला होता आणि बाहेर दीड-दोनशे माणसं घोषणा देत होती. आदल्या दिवशी पहिल्या शिफ्टला जेवलेल्या बऱ्याच जणांना ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले होते. कंपनीच्या ॲम्ब्युलन्सच्या फेऱ्या चालू होत्या. युनियनचा माणूस मला म्हणाला, "साहेब, याला आमच्या ताब्यात द्या, पाच मिनिटं." मी ठेकेदाराला आमच्या गाडीत बसवलं. अशा वेळी माणसाला गाडीत घालणं म्हणजे अटक नसते, संरक्षण असतं. पण बाहेरच्यांना ती अटक वाटते आणि जमाव शांत होतो. हा अनुभव कामी आला.

अन्न सुरक्षा अधिकारी आले, त्यांनी नमुने घेतले. जेवणात भात, आमटी, कोबीची भाजी, पोळ्या आणि प्रत्येकाला दह्याची एक सीलबंद वाटी. ज्यांनी दही घेतलं नव्हतं ते ठणठणीत होते. दही चऱ्होलीच्या एका डेअरीतून येत होतं. अन्न सुरक्षा विभागाने डेअरीचं काम थांबवलं, उरलेल्या वाट्या प्रयोगशाळेत गेल्या. आजारी माणसं हळूहळू घरी जाऊ लागली. प्रकरण निवळेल असं वाटत होतं.

तेवढ्यात रुग्णालयातून अकस्मात मृत्यूची खबर आली. कँटीनमध्ये भांडी घासणारी एक बाई दगावली होती.

ती मराठवाड्यातून आलेली. नवरा नव्हता, कॉलेजात शिकणारी एक मुलगी. दोघी चाकणला भाड्याच्या खोलीत राहायच्या. बाईला मधुमेह होता. जबाब नोंदवायला मुलगी ठाण्यात आली तेव्हा तिच्यासोबत कुणीही नव्हतं. महिला हवालदारांनी तिला पाणी दिलं. तिने ते नुसतं हातात धरून ठेवलं.

"आई त्या दिवशी उरलेली वाटी घरी घेऊन आली होती, माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी मैत्रिणीकडं अभ्यासाला गेलते. दुसऱ्या दिवशी आईला सुट्टी होती, त्यामुळं कंपनीत काय झालं ते तिला कळलंच न्हाई. संध्याकाळी भाकरीसोबत खाल्लं तिनं."

"फ्रीजमध्ये ठेवलं होतं?"

"फ्रीज न्हाई आमच्याकडं. माठाजवळ ठेवलं होतं. म्हणून आईनं आधी बोटावर घेऊन चाखलं. म्हणली, आंबलं न्हाई, चांगलंय. मग खाल्लं."

महिला हवालदारांनी हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या वेळी त्याचं महत्त्व माझ्या लक्षात आलं नाही.

आता प्रकरण निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचं झालं. डेअरीवाल्याला बोलावलं. चऱ्होलीतला जुना शेतकरी. जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या, पण म्हशी आणि दुधाचा धंदा त्याने सोडला नव्हता. पांढरा सदरा, बोटात अंगठ्या, आणि आवाज असा की ठाणं त्याचंच.

"साहेब, आमी तीन पिढ्या दूध इकतोय. आमच्या दुधानं कुणी मेलं न्हाई. हे बघा, विरजण मी या कंपनीकडनं घेतो. दोष असंल तर यांच्यात हाय."

त्याने टेबलावर चंदेरी पाकिटं टाकली. चाकणमधल्याच एका कंपनीची. ही कंपनी डेअऱ्यांना विरजणाची पावडर पुरवायची. शिवाय पाव मऊ ठेवणारी, कपड्यांवरचे डाग काढणारी अशी द्रव्यं जिवाणूंकडून तयार करून घ्यायची. स्टीलच्या मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवायचे, त्यांना खायला घालायचं आणि त्यांनी बनवलेलं काढून घ्यायचं. मी हे हवालदारांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे साहेब, कामगारच की. बिनपगारी."

गावात बातमी फिरली की विरजणाच्या कंपनीमुळे माणूस मेला. कंपनीचा माल परत येऊ लागला. आणि एके दिवशी कंपनीच्या संशोधन विभागाच्या प्रमुख बाई स्वतःहून ठाण्यात आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, हातात डब्यासारखी थंड पेटी. मॅडमनी प्रयोगशाळेच्या परवानगीने त्या दह्याच्या एका वाटीची तपासणी केली होती.

"साहेब, हे दही आमच्या पाकिटातल्या विरजणाचं नाही."

माझ्या मनात आलं, कंपनी वाचवायला आल्यात. "कशावरून?"

"आमच्या पाकिटातलं विरजण लावलेलं दही या उकाड्यात दोन दिवस बाहेर राहिलं तर तोंडात घालवणार नाही इतकं आंबट होतं. हे झालेलं नाही."

"मग कुणाचं आहे?"

"आमचंच. पण आम्ही ते अजून कुणालाही विकलेलं नाही."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी साध्या भाषेत लिहितो. लोकांना आंबट दही नको असतं. दुकानदारालाही नको असतं, कारण आंबट झालं की ते परत येतं. म्हणून मॅडमच्या गटाने बरीच वर्षं खपून असा जिवाणू निवडून वाढवला होता, जो दही लावतो पण ठरावीक आंबटपणा आला की थांबतो. दही आठवडाभर गोड राहतं. पण त्यात एक मेख होती. दह्यात आंबटपणा असतो म्हणून त्यात रोगाचे जंतू सहसा तग धरत नाहीत. हा आंबटपणा कमी केला, तर ती राखण दुसऱ्या मार्गाने करावी लागते. दूध नीट तापवलेलं हवं, भांडी निर्जंतुक हवीत, वाटी भरताना हाताचा स्पर्श नको, आणि कारखान्यापासून ताटापर्यंत दही थंड राहायला हवं. ही सगळी व्यवस्था ज्या डेअरीकडे असेल तिलाच ते विरजण द्यायचं, असं कंपनीने ठरवलं होतं.

मला त्या मुलीचा जबाब आठवला. आंबलं नाही, चांगलंय. त्या बाईने आयुष्यभराच्या अनुभवाने पारख केली होती आणि तिचं काहीही चुकलं नव्हतं. चव सावध करते; या दह्याने तिला सावध केलं नाही.

मी मॅडमना म्हणालो, "तुम्ही हे सांगून स्वतःच्या कंपनीलाच अडकवताय, कळतंय ना? उद्या वकील म्हणेल, तुमच्याच जिवाणूने बाई मारली."

"म्हणू देत. साहेब, ते विरजण बाहेर कुणाकुणाकडे गेलंय हे मला माहीत नाही. एक चमचा असला तरी त्यातून टँकरभर करता येतं. आधी ते थांबवा, मग माझं काय करायचं ते करा."

ठाण्यात रोज खोटं ऐकणाऱ्या माणसाला खरं बोलणाऱ्याची थोडी भीती वाटते, कारण आपली तयारी दुसऱ्या गोष्टीची असते. मी त्यांची फिर्याद घेतली, पण त्यांच्या शब्दावर काही ठरवलं नाही. दह्याचा नमुना आणि कंपनीच्या फ्रीजरमधला जिवाणू, दोन्ही सरकारी प्रयोगशाळेत पाठवले. माणसाची डीएनए चाचणी होते तशीच त्यांचीही होते. अहवाल आला, दोन्ही एकच. सोबत दुसरा अहवालही होता. दह्यात साल्मोनेला नावाचा, आतड्याचा आजार करणारा जंतू भरपूर होता.

चोरी झाली हे ठरलं. केली कुणी? कंपनीच्या फ्रीजरमधल्या सगळ्या कुप्या जागेवर होत्या. कुलूप शाबूत. बाहेर पडताना प्रत्येकाची झडती व्हायची, पेन ड्राइव्ह आणि मोबाइलसुद्धा तपासले जायचे. मॅडमच्या गटातल्या सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांची उत्तरं ठीक होती. तपास तिथेच अडकला.

मग ठाण्याच्या फोनवर एक खबर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही, पण बोलण्यावरून चऱ्होलीचाच होता. डेअरीच्या सांडपाण्याने त्याची विहीर नासली होती, हा राग त्याच्या आवाजात स्पष्ट होता. खबऱ्या कशासाठी बोलतो याची मी फार चिकित्सा करत नाही. बोलतो ते पडताळून बघायचं.

"साहेब, तुमी डेअरी बंद केली म्हनता, पन माळावरच्या शेडात दही लागतंया. लगीनसराई हाय, ऑर्डरी सोडल कशाला त्यो? आन रविवारच्याला एक जन स्कूटरवरनं येतो. कंपनीचं जर्किन असतं अंगात. डेअरीतली समदी त्याला डॉक्टर म्हनत्यात."

रविवारी दुपारी आम्ही साध्या वेशात माळावर गेलो. सोबत अन्न सुरक्षा अधिकारी आणि दोन पंच. शेडसमोर एक टेम्पो उभा होता, त्यात दह्याचे कॅन चढवले जात होते. संध्याकाळच्या लग्नाचा माल. टेम्पो अडवला. आत डेअरीवाला होता, चार कामगार होते, आणि एका कोपऱ्यात टोपी, हातमोजे घालून एक तिशीतला माणूस दुधात थर्मामीटर बुडवून उभा होता. मॅडमच्या गटातला सुपरवायझर. आमच्यासमोर सगळ्यात नीट उत्तरं यानेच दिली होती.

शेडचा पंचनामा करताना माझं मन विटलं. शीतपेटी होती, पण तिच्यात पत्रावळ्यांचे गठ्ठे रचले होते. वाट्या हाताने भरल्या जात होत्या; कँटीनच्या वाट्याही इथेच भरल्या गेल्या होत्या, असं कामगारांनी सांगितलं. कॅन धुवायचं पाणी ज्या बोअरचं होतं, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर शौचालयाचा शोषखड्डा होता. पुढे त्याच पाण्यात साल्मोनेला सापडला.

चौकशीत डेअरीवाला आधीचंच म्हणत राहिला. सुपरवायझर म्हणाला, "मित्र म्हणून आलो होतो. दूध तापवायला मदत करत होतो. विरजण कुठून आलं मला माहीत नाही." हुशार माणूस होता. सांगली भागातला, शेतकऱ्याचा मुलगा, शिकून वर आलेला. त्याला पुरतं ठाऊक होतं, की जिवाणू त्याने नेला हे दाखवणारा एकही पुरावा आमच्याकडे नाही.

अशा माणसाला दरडावून काही होत नाही. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली होती. चोरीच्या आरोपापुढे माणूस तासन्‌तास गप्प बसू शकतो. पण जे त्याने केलं नाही त्याचा ठपका आला की त्याला गप्प राहवत नाही. मी चोरीचा विषयच सोडून दिला. त्या बाईचा फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "ही भांडी घासायची. हिला एक मुलगी आहे. तू दही लावलंस, घाणेरड्या पाण्यात कॅन धुतलेस, उन्हात वाट्या ठेवल्यास. शिकलेला माणूस तू. तुला एवढंही कळलं नाही?"

त्याचे कान लाल झाले.

"मी असं करेन का, साहेब? मी त्यांना शंभर वेळा सांगितलं होतं! बोअरचं पाणी लावू नका, हाताने भरू नका, थंड केल्याशिवाय गाडीत चढवू नका, हे साधं विरजण नाही. प्रत्येक रविवारी तेच बघायला जात होतो मी!"

"साधं विरजण नाही, हे तुला माहीत होतं?"

हवालदारांनी मान वर केली नाही, लिहीत राहिले. तो खुर्चीत मागे सरकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

नंतर त्याने सगळं सांगितलं. त्या जिवाणूच्या निवडीत त्याचीही वर्षं गेली होती. पण त्याचं नाव कुठेच येणार नव्हतं आणि बढती दुसऱ्याला मिळाली. एका लग्नात डेअरीवाल्याशी ओळख झाली. तो म्हणाला, भावा, तू विरजण आण, डेअरीत भागीदार करतो. झडतीतून कसं नेलं, असं मी विचारलं.

"हातरुमाल, साहेब. विरजणात बुडवला, मशीनच्या मागे वाळवला, खिशात घातला आणि बाहेर आलो. घरी कोमट दुधात टाकला. आमची आजी गावाला जाताना विरजण असंच कापडावर वाळवून न्यायची."

रखवालदाराने त्याचा मोबाइल तपासला होता, पाकीट तपासलं होतं, डबा उघडून बघितला होता. रुमाल त्याने घाम पुसायला बाहेर काढला तेव्हाही त्यात संशय घेण्यासारखं काय होतं?

त्याच्या जबाबानंतर डेअरीवाल्याचा आवाज उतरला. त्याला समोर बसवून विचारलं, "हा सांगायचा ते तुम्ही ऐकत का नव्हतात?" त्याने बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाला, "साहेब, दही आंबत नव्हतं ना. आंबत न्हाई म्हनल्यावर मला वाटलं, आता कशाचीच भीती न्हाई. थंड कशाला करायचं मग?"

हे तो बचावासाठी बोलला नाही, त्याला खरोखरच तसं वाटलं होतं. मरण पावलेल्या बाईने चव घेऊन जो निष्कर्ष काढला, तोच याने काढला. फरक एवढाच, की याला सावध करणारा माणूस दर रविवारी शेजारी उभा होता.

आरोपपत्र तयार करताना बराच काथ्याकूट झाला. बचाव पक्षाच्या वकिलांनी न्यायालयात विचारलं, "कंपनीच्या फ्रीजरमधून काय कमी झालं? काहीच नाही. मग चोरी कसली?" मॅडम साक्षीला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कमी काही झालं नाही, हे बरोबर आहे. जिवाणू घेऊन गेले. त्याला सांभाळायची रीत मात्र इथेच ठेवून गेले. तीसुद्धा नेली असती तर बाई वाचली असती आणि मला कदाचित कळलंही नसतं." न्यायाधीशांनी हे उत्तर नोंदवून घ्यायला सांगितलं. डेअरीवाल्याला मृत्यूच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, सुपरवायझरला विश्वासघाताच्या गुन्ह्यात आणि मृत्यूच्या गुन्ह्यातला सहभागी म्हणून. कँटीनचा ठेकेदार सुटला, पण त्याने तो धंदा सोडून दिला.

मी निवृत्त झालो, रावेतला राहायला आलो. काही काळाने तो सुपरवायझर शिक्षा भोगून बाहेर आला आणि पत्ता शोधत एका सकाळी माझ्या दारात उभा राहिला. वाळला होता. बायकोने चहा दिला. मी विचारलं, "आता काय करतोस?"

"एका कंपनीच्या सांडपाण्याच्या प्रकल्पावर आहे. तेल, मैला खाऊन पाणी साफ करणारे जिवाणू असतात, त्यांच्यावर देखरेख करतो. माझे जिवाणू आता कुणाच्या पोटात जात नाहीत, साहेब."

मग तो मुद्द्यावर आला. त्याला त्या बाईच्या मुलीला भेटायचं होतं. माफी मागायची होती.

मी स्पष्ट सांगितलं, "तिचा पत्ता मी देणार नाही. तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिने का त्रास घ्यायचा? पण तिला विचारतो. ती नाही म्हणाली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मुलगी आता नोकरीला लागली होती, आई जिथे भांडी घासायची त्याच कंपनीत, कँटीन आणि कामगार कल्याणाचं काम बघायची. मी फोन केला. त्याचं म्हणणं तिला सांगितलं.

"साहेब, भेटायचं नाही मला," ती म्हणाली. "माफीचं मी काय करू? पण त्यांनी डेअरीत जे शंभरदा सांगितलं म्हणतात आणि कुणी ऐकलं नाही, ते आमच्या कँटीनच्या लोकांना येऊन सांगावं. इथं ऐकायला लावायचं काम माझं."

तो गेला. नव्या ठेकेदाराचे स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं होतं. मी तिथे नव्हतो, नंतर ऐकलं. तो हातांबद्दल बोलला, पाण्याबद्दल बोलला, थंडाव्याबद्दल बोलला, आणि चवीवर का विसंबायचं नाही ते सांगितलं. तो तुरुंगात का गेला होता, तेही त्याने लपवलं नाही. मुलगी दाराजवळ उभी राहून ऐकत होती. बोलणं संपल्यावर ती त्याच्याकडे गेली नाही. भांडी घासणाऱ्या बायकांपैकी कुणाला काही विचारायचंय का, एवढं तिने विचारलं, आणि एका बाईने हात वर केला तेव्हा त्याला म्हणाली, "यांना उत्तर द्या."

पोलीस म्हणून मी गुन्हा उघड केला, आरोपी न्यायालयापुढे उभे केले आणि माझं काम पूर्ण झालं असं मानलं. त्यात चूक काही नाही, आमचं काम तिथवरच असतं. पण गुन्हेगाराजवळ जे ज्ञान होतं, त्याचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो त्या मुलीला पडला, आणि आईच्या जागी येणाऱ्या बायकांसाठी तिने ते ज्ञान त्याच्याकडून वसूल करून घेतलं. दंड आणि कैद यांपलीकडे अशीही एक वसुली असते, हे मला निवृत्तीनंतर एका पंचविशीतल्या मुलीने शिकवलं.